पैठणीतून मोर नको, हिशोब घ्या

फुलांची सजावट करणारे व्यावसायिक असोत की घरच्या गणपतीची आरास करणारे, तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पहिला प्रश्न असतो, नवीन काही सुचत नाही, बघू कुठे? दुसरा, ग्राहक ‘पैठणी थीम’ किंवा ‘वारली थीम’ म्हणतो, तेव्हा नेमके करायचे काय? तिसरा जरा दबक्या आवाजात येतो: एखाद्या चित्रावरून रचना केली, तर ती चोरी ठरते का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे, पण पचायला जड जाते. काम हातात असेपर्यंत फुलांचे फोटो बघणे बंद करा. आज कुठल्याही हॉलमध्ये जा, तीच गोल कमान, तोच पाम्पास गवताचा झुबका आणि तीच पांढरी-गुलाबी फुले दिसतील, कारण सगळे एकाच मोबाइलमध्ये बघून आलेले असतात. त्याऐवजी साडी बघा, दागिना बघा, चित्र बघा, जुना वाडा बघा.

मात्र इथे दुसरा घोळ होतो. साडी बघून लोक साडीवरचा मोर उचलतात आणि झेंडू-शेवंतीचा मोर करायला बसतात. त्याला रात्र जाते, पैसे जातात आणि दहा फुटांवरून तो कोंबडीसारखा दिसतो. रेशमाचा धागा जे करतो ते झेंडूच्या फुलाला जमणार नाही. तेव्हा दुसऱ्या कलेतली नक्षी तिथेच राहू द्या आणि नक्षीमागचा नियम घरी आणा. हा लेख त्यासाठीच आहे.

आधी ठरवा, घ्यायचे काय

कुठलीही कलाकृती समोर ठेवून स्वतःला पाच प्रश्न विचारा:

- प्रमाण: कोणता रंग किती आहे? सर्वांत कमी असलेला रंग कुठे ठेवला आहे?
- रेषा: नजर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते?
- मोकळी जागा: काहीच नाही अशी जागा किती, आणि कुठे?
- पोत: गुळगुळीत, खरखरीत, लवदार, चमकदार यांतले काय कशाशेजारी बसवले आहे?
- आवर्तन: काय पुन्हा पुन्हा येते आणि किती अंतराने?

एका कामात यातले एकच घ्या, फार तर दोन. पाचही एकदम घ्यायला गेलात, की पुन्हा त्या मोरापाशीच पोचाल.

पैठणी: अंग, काठ, पदर

पैठणीच्या अंगावर रेशमाची मोकळी जमीन असते आणि तिच्यावर जरीच्या विरळ बुट्ट्या. पदरावर नेमके उलटे होते. तिथे जमीन जरीची आणि नक्षी रंगीत रेशमाची. अंगावर जे ठिपक्यापुरते होते, तेच पदरावर सगळी जागा व्यापते. ही उलटापालट म्हणजे पैठणीतला सर्वांत मोलाचा नियम, आणि फुलांत तो सहज उतरतो.

समजा २० फुटांचा बॅकड्रॉप आहे. दोन्ही बाजूंचे सात-सात फूट हिरवे ठेवा, कामिनीचा पाला किंवा गडद हिरवे कापड. त्यावर पिवळ्या शेवंतीचे छोटे गेंद समान अंतरावर, पण विरळ बसवा. मधले सहा फूट म्हणजे तुमचा पदर. तिथे पिवळा झेंडू जमीन म्हणून दाट भरा आणि नक्षी हिरव्या पानांची व राणी रंगाच्या डच गुलाबांची करा. दोन्ही भागांच्या सांध्यावर वीतभर रुंदीची दाट पट्टी आली की तो काठ झाला. मोर, पोपट कुठेच नाहीत, तरी साडी ओळखणारे ओळखतात. महागडी फुले मधल्या सहा फुटांतच लागतात, हा फायदा वेगळा.

पैठणीची दुसरी गंमत धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कापड हलले की रंग बदलतो. फुलांत हे आणायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे जांभळा आणि राणी रंगाचा ॲस्टर अगदी बारीक मिसळून भरणे, म्हणजे लांबून तिसराच रंग दिसतो. हे लहान फुलांतच जमते. जरबेरासारख्या मोठ्या फुलांत नुसते ठिपके दिसत राहतात. दुसरी वाट पानांची. ऱ्हिओ, कॅलाथिया यांच्या पानांची खालची बाजू जांभळी असते. एक पान सुलटे, एक उलटे असे लावत गेलात की बघणारा चालता चालता रंग बदलताना पाहतो.

खर्चाला हात आखडता असेल तर पैठणीचे जुने रंग आठवा. शिरोदक म्हणजे पांढरीशुभ्र साडी. सगळी जमीन गुलछडीची आणि एकच रंगीत काठ, एवढ्यावर शिरोदक उभी राहते. राघू म्हणजे पोपटी; तिथे तर नुसता पालाच पुरतो.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. नवरी स्वतः पैठणी नेसून बसणार असेल तर तिच्या मागे पैठणी करू नका. ती भिंतीत हरवेल आणि फोटोत फक्त चेहरा दिसेल. मुहूर्ताची साडी कोणती, शालू कोणता, रिसेप्शनला काय, हे रंग ठरवण्याआधी विचारा आणि जमल्यास साडी प्रत्यक्ष बघा. व्हॉट्सॲपवरच्या फोटोतला रंग खरा नसतो.

दागिने: हार ओवणाऱ्यांसाठी

हारात काय नवे करायचे, असे वाटत असेल तर सराफाच्या दुकानातली एक संध्याकाळ पुरेल. ठुशीत बारीक मणी एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, फट नसते. बोरमाळेत एकसारखे मणी सुटे सुटे दिसतात. चपलाहारात पातळ चकत्यांचे अनेक सर. कोल्हापुरी साजात पदके वेगवेगळ्या आकारांची असतात, पण त्यांच्यामधले मणी तेच तेच असतात, म्हणून इतके निराळे आकार एका दागिन्यात सुखाने नांदतात.

हे चार नियम चार हार देतात:

- ठुशी: गुलछडीच्या न उमललेल्या कळ्या किंवा बारीक शेवंती, आखूड आणि दाट. वरमालेपेक्षा कलशाला, समईला शोभते.
- बोरमाळ: एकाच मापाचे झेंडू, प्रत्येकाआड हिरवी पोकळी. मापात फरक पडला की सगळे बिघडते, म्हणून फुले आधी निवडून घ्या.
- चपलाहार: गुलाबपाकळ्यांच्या घड्या सुईत ओवून तीन-चार सर. वेळ फार लागतो, मजुरी त्याप्रमाणे सांगा.
- साज: मध्ये मणी म्हणून गुलछडीच्या कळ्या आणि पदके म्हणून ऑर्किड, कमळकळी, चाफा, सुपारी, जे हाती येईल ते.

शेवटचा प्रकार मला सर्वांत उपयोगी वाटतो. बाजारात आयत्या वेळी एखादे फूल मिळाले नाही तरी साजाला फरक पडत नाही, मणी तेवढे एकसारखे ठेवायचे.

चित्र वाचायचे कसे

सतराव्या शतकातल्या डच पुष्पचित्रांवरून रचना करून द्या, असे हल्ली आपल्याकडचेही ग्राहक सांगतात. काळोखी पार्श्वभूमी आणि भरगच्च फुले हवी असतात. ही चित्रे मन लावून बघा, पण हुबेहूब करायला जाऊ नका, कारण ती होतच नाहीत. रेचल रुइश (१६६४–१७५०) किंवा शेजारच्या फ्लँडर्सचा यान ब्रूगेल थोरला यांच्या पुष्पचित्रांत निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी फुले एकाच भांड्यात असतात. फुले ज्या त्या हंगामात बघायची आणि चित्रात एकत्र आणायची, ही त्यांची रीत. शिवाय चित्रकाराला देठ पाण्यात बुडवायचा नसतो, तुम्हाला बुडवायचा असतो.

मग घ्यायचे काय? उजेडाची रीत. सर्वांत उजळ फुले मध्यभागी, कडेला जाताना रंग गडद होत जातात आणि काही फुले पाठमोरी असतात. ही पाठमोरी फुले फार महत्त्वाची. आपल्याकडे प्रत्येक फूल प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहते, जणू वर्गाचा ग्रुप फोटोच. पाचातले एक फूल वळवून बघा, रचनेला लगेच खोली येते.

कुठल्याही चित्रावरून काम करताना ही पद्धत वापरा:

१. चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा. रंग गेल्यावर जे सर्वांत उजळ उरते ते तुमच्या मुख्य फुलांचे ठिकाण.

२. फोटोची प्रिंट काढून तिचे दहा उभे, दहा आडवे भाग करा. शंभर चौकोन होतील. प्रत्येक चौकोनात कोणता रंग जास्त आहे ते मोजा. ४५ गडद हिरवे, ३० तपकिरी, १५ केशरी, ७ पांढरे, ३ निळे असे काहीतरी हाती येईल. खरेदीची यादी याच प्रमाणात करा.

३. चित्रातली सर्वांत लांब रेषा बोटाने गिरवा. तीच तुमची पहिली फांदी.

४. आता चित्र बाजूला ठेवा. पुढचे काम फुलांकडे बघून करा.

चौथी पायरी गाळू नका. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९७६ पासून ‘आर्ट इन ब्लूम’ नावाचा उपक्रम चालतो. संग्रहातल्या कलाकृतींना फुलांची रचना करून उत्तर द्यायचे, अशी त्याची कल्पना. अशा कामांत लक्षात राहतात त्या कलाकृतीचा एकच गुण नेमका पकडणाऱ्या रचना. प्रतिकृती फारशा लक्षात राहत नाहीत.

रेषेबद्दल आणखी थोडे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७५३ साली ‘द ॲनालिसिस ऑफ ब्यूटी’ या पुस्तकात नागमोडी रेषेला सौंदर्याची रेषा म्हटले. पुष्परचनेतला ‘होगार्थ कर्व्ह’ तिथून आला. तो करायचा असेल तर भांडे उंच हवे, कारण खालचे टोक काठाखाली उतरते. फांदी मुळातच वाकडी निवडा. बोगनवेल, मधुमालती, अरेका पामचे पाते चालते. सरळसोट ग्लॅडिओ वाकवण्याचा हट्ट धरू नका, मोडेल.

रंगांसाठी परदेशी जायची गरज नाही. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, मातकट हिरवा, काजळीचा काळा, पांढरा आणि क्वचित लाजवर्दाचा निळा आहे. निळा महाग, म्हणून जपून वापरलेला. तेवढाच जपून तुम्हीही वापरा. गेरूसाठी वाळलेली पाने आणि विटकरी शेवंती, पिवळ्यासाठी गोंडा, निळ्यासाठी दोन-तीन काड्या लिमोनियम. पहिल्या लेण्याच्या छतावर चौकटी आखून प्रत्येकीत वेगळे फूल, फळ, प्राणी भरले आहेत. मंडपाच्या छताचा प्रश्न ज्यांना सुटत नाही त्यांनी मान वर करून ते छत बघावे.

रिकाम्या जागेची भीती

आपल्या सजावटीत रिकामी जागा दिसली की ‘काम अपुरे राहिले’ असे ऐकावे लागते. यावर दोन कलांचा आधार घेता येतो.

वारली चित्रात गेरूची जमीन, तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे तीनच आकार असतात. बाकी काम जमीनच करते. म्हणून वारली सजावट म्हणजे फुलांची माणसे काढणे नव्हे. गेरू रंगाचे कापड किंवा सारवलेल्या चटया लावा आणि त्यावर फक्त पांढरी फुले ठेवा: गुलछडी, मोगरा, पांढरी शेवंती. आकार एकच, तारपा नृत्यातला आवर्त. मध्यापासून सुरू होऊन सुटत जाणारी एक रेष पुरते. निम्म्याहून जास्त भिंत मोकळी राहिली पाहिजे. ग्राहकाला हे आधी कागदावर काढून दाखवा, नाहीतर तो आयत्या वेळी मधल्या जागेत जरबेरा खोचायला सांगेल.

लग्नात भिंतीवर लिहिला जाणारा देवचौक मात्र सजावटीला घेऊ नका. त्यात पालघट देवी असते आणि तो विधीचा भाग आहे. सेल्फी पॉइंटच्या मागे किंवा चपला घालून चालायच्या जागी तो नसावा. खरोखर वारली काम हवे असेल तर वारली कलाकाराला त्याचे मानधन देऊन भिंत रंगवायला बोलवा आणि तुम्ही फुलांपुरते काम करा.

दुसरा आधार जपानी इकेबानाचा. सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सोगेत्सु शैली सुरू केली. तिचे मूळ गणित टेबलावरच्या छोट्या रचनेसाठी फार कामाचे आहे. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करा. तिच्या दीडपट पहिली फांदी (शिन), तिच्या पाऊणपट दुसरी (सोए) आणि दुसरीच्या पाऊणपट तिसरी (हिकाए). भांडे २४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच असेल तर फांद्या अनुक्रमे साधारण ४५, ३४ आणि २५ सेंटिमीटर. मूळ सरळ रचनेत त्या उभ्या रेषेपासून १५, ४५ आणि ७५ अंशांत झुकतात. बाकी भांडे मोकळे, पाणी दिसू द्यायचे. सोफूंचे चिरंजीव हिरोशी मोठे चित्रपट दिग्दर्शक होते, आणि शैलीची धुरा आल्यावर त्यांनी बांबूच्या खोलीएवढ्या रचना केल्या. दुसऱ्या कलेतून काय आणता येते त्याचे हे एक घराणेच म्हणायचे.

इमारत, रंगमंच, मैफल

मरीन ड्राइव्हवरून चालत जा. तिथल्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आडव्या पट्ट्या, गोलावलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा माथा. यातून घ्यायचा नियम एकच: एका पट्टीत एकच फूल, मिसळ नाही. कॉर्पोरेट कार्यक्रमाला, हॉटेलच्या लॉबीला ही रचना शोभते. अँथुरियम आणि ग्लॅडिओ तिच्यात छान बसतात.

वाड्यातून महिरप घ्या, आणि तिच्याखालचे सुरूदार खांबही घ्या. नुसती महिरप हवेत लोंबकळते.

रंगमंचावरून एक हिशोब शिका: शेवटच्या रांगेतून काय दिसते? त्या अंतरावर सुटे फूल दिसतच नाही. स्टेजच्या कामात मुठीएवढ्या गेंदापेक्षा लहान काही वापरू नका. नाजूक काम प्रवेशद्वाराशी ठेवा, तिथे लोक थांबतात.

आणि गाण्यातून लय. मंडपात शिरल्यापासून स्टेजपर्यंतच्या वाटेवर लडी सारख्या अंतराने टांगतात, त्याने वाट कंटाळवाणी होते. विलंबिताकडून द्रुताकडे जावे तसे अंतर कमी करत न्या: आधी सहा फूट, मग चार, शेवटी दोन. स्टेज म्हणजे सम. फुले तेवढीच लागतात.

माटोळी आणि कोबीची पाने

गोव्यात गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला माटोळी बांधतात. सुपारीचे आणि केळ्यांचे घड, नारळ, आंबाडे, चिबूड, रानातली फळे, फुले, वेल. गोवा सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धाही घेते. माटोळीत सजावटीचे सामान आणि रचना वेगळे काढता येत नाहीत. त्या आठवड्यात रानात काय मिळते, हेच तिचे डिझाइन.

हीच गोष्ट इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) या बाईंनी १९३० च्या दशकात केली. श्रीमंतांच्या घरी फुलांच्या जोडीला त्या कुंपणावरच्या फांद्या, रानफळे आणि कोबीच्या जातीची पाने मांडत. २००४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा फुले मांडणे म्हणजे डिझाइन नव्हे, असे वाटणारे जेम्स डायसन, व्हॅक्यूम क्लीनरवाले, म्युझियमच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले. वाद मोठा गाजला. मी अर्थातच स्प्रायबाईंच्या बाजूने आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मंडईतला भाजीचा भागही फिरून या. शेवग्याच्या शेंगा लांब रेषा देतात, बाजरीची कणसे खरखरीत पोत देतात, जांभळा कोबी गुलाबासारखा उमललेला दिसतो, मायाळूचा वेल काठावरून उतरतो. ही फुलांपेक्षा स्वस्त पडतात आणि कित्येक दिवस टिकतात.

इथे फसगत होते

- उजेड: जांभळी आणि निळी फुले पिवळ्या दिव्याखाली काळपट दिसतात. रंग ठरवण्याआधी हॉलमधले दिवे लावून बघा. संध्याकाळच्या कामाची चाचणी सकाळी घेऊ नका.
- रंगवलेली फुले: थीमचा रंग जुळावा म्हणून स्प्रे मारलेली शेवंती घेतात. तिचा रंग कपड्यांना लागतो. पर्याय नसेल तरच, आणि हाताला लागेल अशा जागी नको.
- हिरवा फोम: हा प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, त्याचा भुगा पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. आपल्याकडे केळीचा खुंट आहेच. फळ काढल्यावर तो तोडायचाच असतो, आत पाणी असते, फुलाची काडी सहज टोचते. फक्त वजन फार असते आणि चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून खाली प्लास्टिक अंथरा. लहान कामाला कोंबडीजाळी किंवा पिनहोल्डर पुरतो.
- विषारी फुले: चित्रात कण्हेर सुंदर दिसते म्हणून ती जेवणाच्या टेबलावर नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. घरात मांजर असेल तर लिलियम अजिबात नको.
- पर्यायी फूल: प्रत्येक फुलासमोर यादीत दुसरे फूल लिहून ठेवा, रंगाने नव्हे तर कामाने जुळणारे. लांब रेषेला ग्लॅडिओ नसेल तर गुलछडी काडी, भरावाला ॲस्टर नसेल तर काडीची शेवंती. सणाच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात किंवा दादरला तुमच्यासाठी काही राखून ठेवलेले नसते.

चोरी की प्रेरणा

आता तिसरा प्रश्न. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले. म्हणून रंगांचे प्रमाण, रेषेची दिशा, मोकळी जागा, एखादी शैली हे सगळे तुम्ही मोकळेपणाने घेऊ शकता. विशिष्ट चित्र जसेच्या तसे फुलांत उभे करणे मात्र वेगळे. सपाट चित्राचे त्रिमिती रूप करणे हीदेखील कायद्याच्या दृष्टीने नक्कल आहे.

मुदतही लक्षात ठेवा. चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो.

- राजा रविवर्मा (निधन १९०६) आणि अमृता शेरगिल (१९४१) यांच्या चित्रांची मुदत संपली आहे.
- एम. एफ. हुसेन (२०११), एस. एच. रझा (२०१६) आणि जिव्या सोमा मशे (२०१८) यांच्या चित्रांची नाही. रझांचा बिंदू फुलांत करून ‘रझा थीम’ म्हणून विकण्याआधी त्यांच्या वारसांची किंवा संस्थेची परवानगी घ्या.
- चित्र मुक्त असले तरी तुम्ही पुस्तकातून उचललेला फोटो मुक्त असेलच असे नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून मुक्त चित्रांचे फोटो कोणालाही वापरायला दिले आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचेही उतरवून घेता येतात.

पैठणी आणि वारली चित्रकला यांना भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही ‘पैठणीवरून सुचलेली सजावट’ म्हणायला अडचण नाही. बॅकड्रॉपला यंत्रावरचे कापड लावून ‘अस्सल येवल्याची पैठणी’ असे बिलात लिहू नका.

कोटेशनमध्ये लिहून घ्या

ग्राहक दुसऱ्या कोणाच्या कामाचा फोटो दाखवून ‘असंच करा’ म्हणतो, तेव्हा सरळ नकार देऊ नका. त्या फोटोतले त्यांना नेमके काय आवडले, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकाच गोष्टीचे येते: रंग, किंवा भरगच्चपणा, किंवा दिवे. तेवढेच घ्या आणि बाकी त्यांच्या साडीवरून, घरावरून, गावावरून ठरवा. दुसऱ्याच्या कामाचा फोटो स्वतःच्या माहितीपत्रकात वापरू नका.

तुमच्याच कामाचे फोटो हाही वादाचा मुद्दा होतो. पैसे देऊन फोटो काढून घेतले की वेगळा करार नसल्यास त्यांचा पहिला मालक पैसे देणारा असतो, म्हणजे लग्नात यजमान. फोटोग्राफरकडून परस्पर फोटो मागवून ते इन्स्टाग्रामवर टाकणे योग्य नाही. म्हणून कोटेशनमध्ये या ओळी घाला आणि सही घ्या:

- सजावटीचे फोटो आम्ही स्वतः काढू आणि आमच्या प्रसिद्धीसाठी वापरू. त्यात पाहुण्यांचे चेहरे नसतील.
- ठरलेले फूल बाजारात न मिळाल्यास त्याच कामाचे दुसरे फूल वापरले जाईल. रंगसंगती कायम राहील.
- कागदावरचे रेखाटन मंजूर झाल्यानंतर मोकळ्या ठेवलेल्या जागेत भर घालण्याचा खर्च वेगळा आकारला जाईल.